सोजिराचं माप

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, मासळी बाजाराच्या कडेला, सुक्या मासळीवाल्यांच्या ओळीत तिसरी जागा अंजनाबाईची. ती जागा तिला कुणी दिली, कधी दिली, हे विचारायची टाप अख्ख्या बाजारात कुणाची नव्हती. वेसाव्याहून सकाळची बस पकडून बाई यायची, गोणपाट अंथरायची, डावीकडे बोंबील, उजवीकडे वाकट्या नि सोडे, मधोमध जवळ्याचा ढीग. आणि त्या ढिगावर, देवळाला कळस असावा तसा, पालथा घातलेला एक मग.

आता मग म्हणजे काय, तर नुसती बाजाराची शोभा! पांढऱ्या एनॅमलचे टवके उडालेले, काठाची निळी रेघ अर्धी पुसलेली, कान एका अंगाला वाकलेला. एखादं नवखं गिऱ्हाईक चुकून बोलून जायचं, "मावशी, हे टमरेल कशाला ठेवलंय जवळ्यावर?" झालं, त्याची वाट लागली म्हणून समजा. अंजनाबाई मग उचलायची, उलटा करायची आणि त्याचं बूड थेट गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. बुडाला काळा शिक्का होता: एक बाण, आणि खाली आकडा, १९४२.

"वाचता येतंय ना? इंग्रज सरकारचा शिक्का हाय. सोजिराचं माप! ह्याच्यात चहा पिऊन गोरे जर्मनशी लढले. आणि तू टमरेल बोलतंस?"

गिऱ्हाईक माफी मागायचं आणि शरमेपोटी दोन मापं जवळा जास्त घ्यायचं.

त्या मगाचा दरारा काय सांगावा! ओळीतल्या बाकीच्या बायकांची मापं म्हणजे सगळा आनंदीआनंद. शेजारी बसणाऱ्या कमळचं माप म्हणजे वनस्पती तुपाचा कापलेला डबा. त्याचा तळ आत फुगलेला होता, आणि तो कसा फुगला हे कमळ नि तिचा हातोडा, दोघांनाच ठाऊक. मापावरून कुठं भांडण पेटलं की बाजार एकच बोलायचा, "जा गो, सोजिराच्या मापात घालून आण." मग तो जवळा अंजनाबाईपुढे यायचा, ती तो मगात ओतायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. तिचा निकाल फिरवलेला कुणी बघितला नाही. अंधेरीच्या बाजारात न्याय हवा तर तो अंजनाबाईच्या मगात मिळतो, अशी तिची ख्याती होती आणि तिला ती मनापासून आवडायची.

आता खरं सांगायचं तर तो मग खोटा होता.

म्हणजे शिक्का खरा, बाण खरा, साल खरं. पण सहासष्ट साली मगाच्या तळाची कड गंजून गेली आणि जवळा खाली सांडायला लागला. अंजनाबाई मग घेऊन भाऊकडे गेली. भाऊ म्हणजे बाजारामागे बसून बादल्यांना, डब्यांना डाख देणारा कारागीर. तो म्हणाला, "बाहेरून पत्रा मारतो, दोन मिनिटांचं काम." अंजनाबाई उसळली. बाहेरून पत्रा मारला तर शिक्का झाकला जाणार, आणि शिक्का गेला की मगात राहिलं काय? म्हणून भाऊनं पत्रा आतून बसवला. खालची कड गंजकी, म्हणून जरा वर बसवला. जरा म्हणजे बोटभर.

अंजनाबाईनं मग परत घेतला, आत बघितलं, बाहेरून बघितलं. बाहेरून मग तोच होता. आत मूठभर जागा कमी झाली होती. तिनं भाऊकडे बघितलं, आणि भाऊनं आकाशाकडे.

दुसऱ्या दिवसापासून बाईनं एक नवी रीत सुरू केली. माप पिशवीत ओतलं की ढिगातून एक मूठ उचलायची आणि वर टाकायची. "घे गो बाय, पोरांना खायाला." बाजारात बोलबाला झाला, अंजनाबाई काय दिलदार आहे! एकाच मगावर बाईनं सचोटीचं नाव कमावलं आणि दिलदारीचंही. आता मनाला टोचणी होती म्हणून ती मूठ सुरू झाली, हे कबूल. पण मुठीला काही शिक्का नसतो. पावसाळ्यात जवळा महागला की मूठ आपोआप आवळायची, हेही तितकंच कबूल करायला हवं.

वीस वर्षं हे असं सुखात चाललं होतं. आणि मग शहाऐंशीच्या जूनमध्ये नीलाबाई आली.

तिला आणली शांताबाईनं. शांताबाई चकाल्याची, मूळची देवगडकडची, नवरा गिरणीतून सुटलेला, आणि अंजनाबाईकडे जवळा घेणार तर पंचवीस वर्षं न चुकता. "अंजना, ही नीला, आमच्या भाचीची प्रोफेसरीण. मुलुंडच्या कॉलेजात इतिहास शिकवते. हिला लढाईतल्या वस्तू बघायच्यात. म्हटलं चल, तुला सोजिराचं माप दाखवते."

नीला तिशीची, चष्मेवाली, खांद्याला शबनम. पिशवीतून तिनं काय काय काढलं! टेपरेकॉर्डर, वही, शिंप्याकडची टेप, आणि टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं एक लांबडं नळकांडं, अंगावर आकडे असलेलं. ते तिनं परत गुंडाळून ठेवलं, आणि अंजनाबाईनंही तेव्हा त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिथंच चुकलं.

"मावशी," नीला गोणपाटावर बैठक मारत म्हणाली, "दुसऱ्या महायुद्धात लढाई झाली लांब. पण तिचे डबे, कांबळी, बूट, कापड, सगळं आपल्या घरांत येऊन बसलं. कुणाच्या घरी काय आहे, ते कसं आलं, लोक त्याबद्दल काय सांगतात, ते मी गोळा करतेय. हा मग तुमच्याकडे कसा आला?"

अंजनाबाईनं एकदा कमळकडे बघितलं, एकदा टेपच्या लाल दिव्याकडे, आणि लावली टेप आपली. वेसाव्याच्या समुद्रात एक गोरा सोजीर कसा बुडत होता, तिच्या नवऱ्यानं, लहूनं, होडीतून उडी मारून त्याला केसांना धरून कसा वर काढला, आणि सोजीर शुद्धीवर आल्यावर रडत रडत "माय मदर" म्हणून तिच्या हातात मग कसा ठेवून गेला. शांताबाईनं पदर डोळ्यांना लावला. नीलानं सगळं शांतपणे लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. या वेळी मग आला तो जाळ्यात. फुटलेल्या बोटीवरून वाहत वाहत, आत एक जिवंत खेकडा घेऊन.

कमळ पान चघळत म्हणाली, "गो, मागच्या टायमाला बुडालेला सोजीर होता ना?"

"तो दुसरा सोजीर," अंजनाबाई म्हणाली.

"आणि मग?"

"मग पन दुसरा."

बाजार हसला. नीला नाही हसली. तिनं वहीत नवं पान उलटलं. "असू दे मावशी. मला दोन्ही गोष्टी हव्यात. काय घडलं ते कधीतरी सरकारी कागदात सापडेल. पण तुम्ही काय सांगता आणि तसंच का सांगता, ते फक्त तुमच्याकडे आहे."

आता हे कुठल्या गावचं शास्त्र! थाप मारायची गंमत असते ती समोरच्यानं "चल गो, काय बोलतंस" म्हणण्यात. ही बाई थाप ऐकायची, तारीख घालायची आणि जपून ठेवायची. अंजनाबाई जाम वैतागली. तिसऱ्या खेपेला तिनं मडमेची गोष्ट सांगितली, चौथ्या खेपेला विमान पाडलं, पाचव्या खेपेला चक्क जपानी माणूस आणला. नीलानं कॅसेटवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: अंजनाबाई, मग, एक ते पाच.

तोवर वेसाव्यात नुसती धमाल उडाली होती. लढाईतल्या वस्तू हव्यात म्हटल्यावर कोळीवाड्यातली माळ्यावरची अडगळ खाली यायला लागली. एकीनं पॅराशूटच्या कापडाचा परकर आणला, तो खरा निघाला. एकानं लष्करी कंदील म्हणून दिला त्यावर रेल्वेचा शिक्का होता. एका म्हातारबुवांनी हिटलरच्या सैन्यातली कात्री म्हणून जी कात्री दिली, ती त्यांच्या सुनेनं दुपारी येऊन परत नेली, कारण तिला चिंबोऱ्या साफ करायच्या होत्या. पण पन्नासभर वस्तू पक्क्या निघाल्या आणि नीला हरखून गेली. नारळी पुनवेच्या आधी, होड्या किनाऱ्यावर नि माणसं घरी असताना, कोळीवाड्यातल्या शाळेच्या हॉलात तीन दिवस प्रदर्शन भरवायचं ठरलं.

"सगळ्यात मधे तुमचा मग, मावशी," नीला बाजारात येऊन म्हणाली. "प्रत्येक वस्तूशेजारी कार्ड असेल. वस्तू कुणाची, कशी आली, उंची, रुंदी, वजन. आणि भांडं असेल तर त्यात किती मावतं."

असं म्हणून तिनं टॉवेल सोडला आणि आकडेवालं नळकांडं बाहेर काढलं.

अंजनाबाईनं मग आपल्याकडे ओढला. सोजीर, मडम, जपानी, सगळे वहीत मावले होते. पण हे काचेचं नळकांडं थापा लिहून घेणाऱ्यातलं दिसत नव्हतं.

"पाणी नाय घालायचं त्यात!" ती ओरडली. "सुक्याचं माप हाय ते. पाणी लागलं की जवळा बुरा धरतो."

"मग तांदळानं मोजू."

"आज नको. आज सोमवार."

"सोमवारी मग उपास धरतो काय गो?" कमळनं विचारलं. तिचा एक कान आधीच टवकारला होता, आता दुसराही टवकारला. "नीलाबाय, एक सांगू? हितं घाईघाईत नको. हॉलात मोजा, सगळ्यांच्या समोर. इंग्रजाचं माप हाय. आमाला पन बघू दे किती मावतं ते."

"झकास कल्पना आहे!" नीला म्हणाली. तिच्या मनात काडीचं काळंबेरं नव्हतं, आणि अंजनाबाईला त्याचाच जास्त राग आला.

राहिले होते आठ दिवस. आठ दिवसांनी भर कोळीवाड्यात, सुनांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, त्या कमळसमोर, वीस वर्षं निकाल देणाऱ्या बाईचं माप खोटं निघणार होतं. अंजनाबाईला अन्न गोड लागेना. ती गेली भाऊकडे.

"भाऊ, तो पत्रा काढ."

भाऊनं चष्मा पुसला, मगात डोकावला. "काढतो. पण खाली तळाची चाळण झालीय. पत्रा काढला की ह्यात किती मावतं ते मी आत्ताच सांगतो. काही नाही."

"मंग दुसरं कायतरी कर. तूच बसवलास ना!"

मग दुसरं कायतरी म्हणून अंजनाबाई जन्मात पहिल्यांदा चोरबाजारात गेली. तसाच एक मग मिळाला. तीच उंची, तोच पांढरा रंग, तीच निळी रेघ. टवके तिनं घरी दगडानं उडवले, कान गुडघ्याखाली दाबून वाकवला. शिक्का मात्र नव्हता. "बाण काढून दे रे," ती भाऊला म्हणाली, "तू गणपतीच्या मखराला रंग देतोस ना." भाऊ कलाकार माणूस. त्यानं दोन दिवस मन लावून काम केलं आणि असा बाण काढला, असा बाण काढला, की रामाच्या भात्यातला वाटावा. मागे पिसं, पुढे सोनेरी टोक, वर लाल रंगात "श्री" सुद्धा.

अंजनाबाईनं त्या बाणाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "ह्याच्यात इंग्रज चहा पिणार होता काय रे मेल्या?"

शेवटचा उपाय राहिला समुद्र. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती मग पदराखाली घेऊन किनाऱ्यावर गेली. ओहोटी नव्हती, पाणी भरलेलं होतं. हात वर केला की संपलं, नीलाला सांगायचं की पडला. वेसाव्यात समुद्रात काय कमी पडतं? तिनं हात वर केला सुद्धा. पण मग हातातून सुटेना. त्रेचाळीस वर्षं तो कान धरून धरून तिच्या बोटाला घट्टा पडला होता. हा मग तिनं कसा मिळवला होता ते पाच कॅसेटांत कुठंच नव्हतं, आणि तो असा टाकायला ती तयार नव्हती. स्वतःवरच चिडून, समुद्राला दोन शिव्या हासडून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. बाकांवर वस्तू मांडलेल्या, प्रत्येकीशेजारी पांढरं कार्ड. कमळ नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. शांताबाई चकाल्याहून चार मैत्रिणी घेऊन आलेली. भाऊ मागच्या खिडकीत, पळायला बरं पडावं म्हणून बहुतेक. मधल्या टेबलावर मग, शेजारी नळकांडं नि तांदळाची परात. टेपचा लाल दिवा पेटला.

"असे मग लष्करात एक पायंटाचे असायचे," नीलानं सांगितलं. "म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा जास्त. ह्या काचेवर पाचशे अडुसष्ट मिलिलिटरपर्यंत तांदूळ आला पाहिजे."

तिनं मग काठोकाठ भरला, बोटानं सपाट केला आणि नळकांड्यात ओतला. खाली वाकून आकडा वाचला. परत वाचला. चष्मा काढून वाचला.

"चारशे पंच्याहत्तर."

"म्हंजे कमी की जास्त?" कमळनं विचारलं. तिला चांगलं कळलं होतं.

"कमी. साधारण... एक मूठभर." नीलानं मगात डोकावून बघितलं, बोट आत घातलं, आणि तिचा चेहरा पडला. "मावशी, हा आत पत्रा कसला?"

अंजनाबाई उठली. सहावी गोष्ट तिच्याकडे तयार होती: जर्मनाची गोळी मगातून आरपार गेली आणि सोजिरानं स्वतः पत्रा बसवला. चांगली गोष्ट होती. पण तोंड उघडलं आणि ती गोष्ट आलीच नाही.

"तो सोजीर नव्हता गो," ती म्हणाली. "कुणी बुडला नाय, कुणी वाचवला नाय. मी चोरला तो मग."

नीलानं हळूच टेप पुढे सरकवला.

"त्रेचाळीस साल. मी एकोणीस वर्सांची. तांदूळ मिळत नव्हता, रेशनची रांग संपत नव्हती. जुहूला विमानांजवळ लष्कराची छावणी होती, तिथं मी पाटी घेऊन जायची. खानसामा मासळी घ्यायचा आणि बदल्यात तांदूळ द्यायचा, ह्या मगानं. दोन मग. पन भरताना अंगठा आत घालायचा. अख्खा अंगठा! माझ्या डोळ्यांदेखत. बोलले तर उद्यापासून नको येऊस म्हनला असता. घरी भात शिजायचा तो एक मानूस कमी. आणि सासू रोज बोलायची, 'तुमी खावा, माना भूक नाय.' रोज बोलायची. तिला भूक होती गो! भूक नाय असं कधी असतंय?"

तिनं पदरानं नाक पुसलं.

"एक दिवस खानसाम्यानं मग भरला, अंगठा काढला, वर पुरा भरला कारन साहेब बघत होता. साहेब वळला, खानसामा त्याच्या मागं गेला. मी मग उचलला, तांदळासकट, फडक्यात गुंडाळला आणि पाटीत मांदेलीच्या खाली. फाटकावर गोरा शिपाई. पाटी बघायला वाकला आणि वासानंच मागं झाला. 'गो! गो!' म्हनला. मला वाटलं, ह्याला आपली बोली येते काय!"

हॉल हसला.

"घरी भात शिजला. मांदेलीचा वास भाताला. सासूनं टोपात बघितलं, म्हनली, 'आज जास्त कसा गो?' मी म्हटलं, 'आज अंगठा नाय.' त्या दिवशी ती जेवली. मी मगाला हात लावून बोलले, ह्याच्यात पुन्हा कुनाचा अंगठा जानार नाय. तेवीस वर्सं नाय गेला. आणि मंग तळ गेला, शिक्का दिसला पायजे म्हनून मी आतून पत्रा मारून घेतला. मीच! त्या खानसाम्याचा अंगठा तर तांदूळ मोजून झाला की बाहेर यायचा. माझा वीस वर्सं आतच हाय. लाज वाटते गो मला. लय लाज वाटते."

मग शांताबाईनं घसा साफ केला.

"अंजना, मला माहीत होतं."

"काय?"

"पत्र्याचं. सदुसष्टच्या पावसाळ्यातच. जवळा घरच्या डब्यात ओतला की आधी गळ्यापर्यंत यायचा, तो खाली राहायला लागला. मला काय डोळे नाहीत? म्हणून तर तुझी मूठ पडेपर्यंत पिशवी मिटत नव्हते मी कधी."

"मला पण ठाऊक होतं," मागून एक म्हणाली. "आमच्या आईनं सांगितलेलं, मूठ घेतल्याशिवाय हलू नकोस." आणखी दोघींनी माना डोलावल्या. अंजनाबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी तिनं कमळकडे बघितलं.

"मला तर भाऊनं पत्रा मारला त्याच दिवशी सांगितलेलं," कमळ म्हणाली. खिडकीत भाऊ छताच्या वाशांकडे बघू लागला.

"मंग वीस वर्सं बोलली का नाय तू?"

"वेडी काय गो? तुझं माप खोटं म्हटलं असतं तर लोकांनी पुढं कुनाच्या मापाकडं बघितलं असतं? माझ्या डब्याकडं!"

हॉल हसून असा फुटला की शाळेचे हेडमास्तर धावत आले. अंजनाबाईला रडावं की कमळच्या झिंज्या उपटाव्यात कळेना. वीस वर्षं ती एकटी ओझं वाहत होती, आणि ते सगळ्या अंधेरीला माहीत होतं! तिला हलकं वाटलं आणि भयंकर रागही आला, दोन्ही एकदमच.

"आता कार्डावर काय लिहू?" नीला विचारत होती. तिचेही डोळे ओले होते, पण पेन हातात तयार होतं.

"मूठ पन मोजा की!" कमळ ओरडली. "माप आणि मूठ, दोन्ही मिळून किती ते बघा."

अंजनाबाईनं परातीत हात घातला, भलीमोठी मूठ उचलली आणि नळकांड्यात सोडली. पाचशे ऐंशी. पायंटाच्याही वर! ती विजयानं वळली.

"ही आजची," शांताबाई म्हणाली. "रोजची घाल."

पुन्हा हशा. अंजनाबाईनं ओठ मुडपले, पुन्हा मोजायला लावलं, आणि रोजची घातली. पाचशे पंचेचाळीस.

नीलानं कार्ड लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "मग, एनॅमलचा, १९४२. मालकीण अंजनाबाई, वेसावे. छावणीतून चोरलेला. मावतं: मुठीसह जवळजवळ एक पायंट. मूठ मालकिणीच्या मर्जीवर."

"पावसाळ्यात लहान, तेपन लिही," कमळ म्हणाली. नीलानं तेही लिहिलं.

प्रदर्शन संपल्यावर अंजनाबाईनं मग नीलाच्याच हातात ठेवला. "ने तुझ्या कॉलेजात. पोरांना दाखव. सोजिराची गोष्ट पन सांग, चांगली हाय ती." आणि कमळला बरोबर घेऊन, तिचा तो फुगलेला डबाही हातासरशी भंगारात काढायला लावून, दोघींसाठी सरकारी शिक्क्याची, सपाट तळाची, चकचकीत नवी मापं आणली.

पहिल्याच दिवशी शांताबाई आली. अंजनाबाईनं नवं माप काठोकाठ भरलं, हातानं सपाट केलं, सगळ्या ओळीला दिसेल असं वर धरलं आणि पिशवीत ओतलं. शांताबाई हलली नाही. पिशवीचं तोंड उघडंच.

"काय गो? माप पुरं हाय. वजनमापवाल्याचा शिक्का हाय त्याच्यावर."

"ते सरकारचं झालं," शांताबाई म्हणाली. "तुझं कुठाय?"

अंजनाबाईनं कमळकडे बघितलं. कमळ पान लावण्यात गुंग होती. मागे दोन गिऱ्हाइकं पिशव्या उघडून उभी होती. "माझी वाट लावली त्या नीलाबायनं," ती पुटपुटली, आणि ढिगात हात घालून तिनं मूठ उचलली. पावसाळा होता, जवळा महाग होता, तरी या वेळी तिनं ती आवळली नाही.